व्याह्यांची बंदूक

आमच्या घरांत शस्त्रें म्हणण्यासारख्या वस्तु तीनच. स्वयंपाकघरांतली विळी, पानाच्या डब्यांतला अडकित्ता, आणि दसऱ्याच्या दिवशीं पाटावर मांडली जाणारी, पण आमच्या पाहण्यांत म्यानांतून कधींच बाहेर न आलेली आजोबांची गुप्ती. अशा घरांतील माणसानें बंदुकीवर लेखणी चालवावी याचें वाचकांस नवल वाटेल. आम्हांसही वाटतें. परंतु दोन वर्षांपूर्वीं पांच महिने परदेशीं राहण्याचा योग आला, आणि त्यांतले निदान दोन महिने ‘एका बंदुकीस कोणतें काडतूस योजावें’ या एकाच प्रश्नांत गेले. त्या प्रश्नापायीं दोन घरांतील माणसें कांहीं दिवस एकमेकांशीं नीटशीं बोललीं नाहींत, आणि त्यास बऱ्याच अंशीं आम्हीच कारण झालों. म्हणून ही हकीकत.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अमेरिकेंत मोंटाना प्रांतीं असतो. डोंगराळ, थंड आणि विरळ वस्तीचा मुलूख. त्याची पत्नी तिकडचीच. तिचे वडील, म्हणजे नात्यानें आमचे व्याही, तेथून तासाभराच्या वाटेवर गुरें पाळून राहतात. वय ऐंशीच्या घरांत, अंगानें उंच, बोलणें मोजकें. पहिल्या भेटींत आम्हीं रीतीप्रमाणें त्यांस शाल दिली. ती त्यांनीं भर जुलै महिन्यांत आमच्यासमोर तासभर अंगावरून काढली नाहीं. तेव्हांपासून हे गृहस्थ आमच्या मनांत बसले.

त्याच दिवशीं त्यांनीं आम्हांस आपल्या कामाच्या खोलींत नेलें आणि खणांतून मेणकापडांत गुंडाळलेली एक जड वस्तु काढून आमच्या हातीं दिली. ती होती एका जुन्या मौझर रायफलीची ‘ॲक्शन’. बंदुकीचा हा मधला पोलादी भाग. पुढें आटे पाडून नळी यांतच बसते, खालून लांकडी दस्ता यालाच धरतो, आणि काडतूस आंत ढकलणें, दार लावणें, बार झाल्यावर रिकामी पुंगळी बाहेर फेकणें हीं सगळीं कामें हाच करतो. दाराचें काम ज्या दांड्याकडे असतें त्यास बोल्ट म्हणतात. त्याच्या तोंडाशीं दोन पोलादी कान असतात. दांडा फिरविला कीं ते चौकटींतल्या खाचांत जाऊन बसतात. बार उडतांना जो मागचा रेटा येतो तो सारा या दोन कानांनीं सोसावयाचा. पाठीमागें एक तिसरा कान असतो, पण तो केवळ अडीनडीचा. एकत्र कुटुंबांतील दूरच्या काकांप्रमाणें एरव्हीं त्यास कांहीं काम नाहीं. घर कोसळूं लागलें तरच त्याची आठवण.

पॉल मौझर या जर्मन कारागिरानें सिद्ध केलेली ही रचना १८९८ सालीं जर्मन सैन्यानें स्वीकारली, आणि आजही शिकारीच्या कितीएक उत्तम रायफली तिच्याच वळणावर घडतात. व्याह्यांजवळची चौकट आर्जेंटिना देशानें बर्लिनच्या कारखान्यांतून करवून घेतलेल्या १९०९ च्या नमुन्याची. माथ्यावरचें राष्ट्रचिन्ह विकण्यापूर्वीं घासून टाकलेलें. १९६८ च्या कायद्यापूर्वीं तिकडे बंदुका टपालानें घरपोच मिळत. व्याह्यांनीं ऐन तारुण्यांत ही तशीच मागविली. नळी आंतून गंजलेली निघाली, म्हणून ती उतरवून टाकली. आणि नवी बसवूं बसवूं म्हणतां गुरें, कर्ज आणि मुलें यांत पन्नासांहून अधिक वर्षें निघून गेलीं.

आतां तिजवर नवी रायफल बांधावयाची होती ती नातीसाठीं, म्हणजे आमच्या पुतण्याच्या मुलीसाठीं. ती त्या वेळीं बारा वर्षांची. तिकडच्या मुलांस शिकारीपूर्वीं एक शिक्षणक्रम पुरा करावा लागतो, तो तिनें केला होता. ऑक्टोबरच्या शेवटापासून पांच आठवडे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. आजोबांबरोबर त्या डोंगरांत जाण्याचा तिचा हट्ट, आणि आजोबांची तर ती एकच इच्छा उरलेली.

आम्हीं आयुष्याचीं सदतीस वर्षें पोलादास पाणी देण्याच्या धंद्यांत घालविलीं. यंत्रांचे दांते कठीण करणें हें आमचें काम. त्यामुळें बंदुकीविषयीं अज्ञान असलें तरी पोलादाविषयीं आपल्यास विचारलें जाईल याची खात्री होती, आणि विचारलें जावें अशी इच्छाही होती. हें कबूल केलेलें बरें.

पुढल्या रविवारीं जेवणाच्या मेजावर सभा भरली. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तींत दारू, बुडाशीं ठिणगीची टोपी आणि तोंडांत गोळी. पुंगळीच्या मापावरून नळी कोरावयाची. म्हणजे एकदां काडतूस ठरलें कीं बंदुकीचा जन्मभराचा आहार ठरला. नळी बदलल्याशिवाय तो पालटत नाहीं. पुतण्याचें मत पडलें ‘थ्री हंड्रेड मॅग्नम’ घ्यावें. गोळी दूर जाते, सरळ जाते, आणि उद्यां मोठें सांबर मारावयाचें झालें तरी कमी पडत नाहीं. तिकडच्या एल्क जातीच्या प्राण्यास आम्ही आपलें सांबरच म्हणत होतों. व्याह्यांनीं मान हलविली. त्यांचें काडतूस ठरलेलें होतें. ‘थर्टी-ऑट-सिक्स’. १९०६ सालीं अमेरिकन सैन्यानें घेतलेलें, त्यांच्या वडिलांनीं दुसऱ्या महायुद्धांत वापरलेलें, त्यांनीं स्वतः सारा जन्म वापरलेलें. नातीनेंही तेंच वापरावें. यांत विचार करण्यासारखें त्यांस कांहीं दिसत नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर दोष काढण्यासारखें त्या काडतुसांत आहेच काय!

मुलीस कोणी विचारलें नाहीं. ती ताटांतले वाटाणे एका रांगेंत लावीत बसली होती.

येथें थोडा हिशेब सांगणें अवश्य आहे. बार होतांना थर्टी-ऑट-सिक्सच्या पुंगळींत दर चौरस इंचास साठ हजार पौंडांपर्यंत दाब उठतो, मॅग्नमांत चौसष्ट हजारांपर्यंत. जुन्या मौझर घराण्यांतलें ‘७×५७’ म्हणून एक काडतूस आहे. गोळीचा व्यास सात मिलिमीटर, पुंगळीची लांबी सत्तावन. त्याची अमेरिकन मर्यादा एक्कावन्न हजार. हा दाब पुंगळीच्या बुडावर पडतो आणि तेथून बोल्टाच्या कानांवर. पितळाच्या नळीशीं होणाऱ्या घर्षणाची सूट सोडून आम्हीं कागदावर गुणाकार केला, तेव्हां सात मिलिमीटरचा रेटा सुमारें चार टन, थर्टी-ऑट-सिक्सचा पावणेपांच टन, आणि मॅग्नमचें बूडच रुंद असल्यामुळें त्याचा सहा टन निघाला. बोटाच्या पेरांएवढे दोन कान, आणि त्यांवर क्षणभर सहा टन! पुतण्यास आम्हीं तो कागद दाखविला. तो म्हणाला, “काका, लोक बांधतात.” बांधतात हें खरें आहे.

आपल्याकडे असल्या प्रश्नावर घरांत वाद होण्याचा प्रसंगच फारसा आला नाहीं, कारण आपलीं काडतुसें बहुधा सरकारनें निवडलीं. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारनें ४५० बोअरच्या काडतुसांस हिंदुस्थानांत मज्जाव केला. तेव्हां विलायती बंदूकवाल्यांनीं मापांत किंचित् फरक करून ४६५, ४७० अशीं नवीं काडतुसें काढलीं आणि आपले राजेरजवाडे तींच वापरूं लागले. ३०३ हें लष्कराचें म्हणून सामान्य परवानेदारास वर्ज्य. त्याच्या वांट्यास ३१५. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानें शिकारीचेंच दार लागलें. तें योग्यच झालें असें आम्हांस वाटतें. असो.

दुसऱ्या आठवड्यांत व्याह्यांनीं नातीस सरावासाठीं माळावर नेलें. आम्हीही कानांत बोळे घालून मागें उभे राहिलों. व्याह्यांची स्वतःची थर्टी-ऑट-सिक्स, वाळूच्या पिशवीवर टेकविलेली. मुलीनें सहा बार केले. पहिली गोळी निशाणाच्या कागदावर लागली, पुढच्या कोठें गेल्या तें समजलें नाहीं. व्याही म्हणाले, “होईल संवय.” बोलण्यांत कांहींएक कठोरपणा नव्हता. त्यांचेंही असेंच झालें असेल, आणि संवय झाली असेल.

त्या रात्रीं आम्ही पाणी पिण्यास उठलों तों ती स्वयंपाकघरांत एकटी बसली होती. खांद्यावर बर्फाची पिशवी. आमच्याशीं ती तिच्या मोडक्या, गोड मराठींत बोलते. म्हणाली, “आजोबा, बार व्हायच्या आधीं मी डोळे मिटते. मला कळतं, पण उघडे राहतच नाहींत.” मग थोड्या वेळानें, “ग्रँपाला सांगूं नका.”

आम्हीं वचन दिलें.

आतां आमची अडचण वाचकांच्या ध्यानांत येईल. धक्क्याच्या धास्तीनें डोळे मिटले कीं चाप ओढतांना नळीचें तोंड खालीं जातें, आणि गोळी जेथें लागावयाची तेथें न लागतां प्राण्याच्या पोटांत किंवा पायांत लागते. आमच्या घरीं कांदा-लसूणसुद्धां चातुर्मासांत बंद. हरिण मारावें कीं न मारावें हा प्रश्न आमच्या मनांतून गेला होता असें नाहीं; पण पाहुण्याच्या घरीं बसून त्यांच्या ताटाचा न्याय करणें आम्हांस शोभणारें नव्हतें. आमच्या मंडळींस मात्र आम्हीं रात्रींच सगळें सांगितलें. त्या म्हणाल्या, “अहो, मारायचं तर त्याला तडफडत ठेवूं नये, एवढं तरी बघा. आणि पोरीला भीति घालून शिकवूं नका.” नवऱ्याबायकोंत सांगितलेलें वचनभंगांत मोडत नाहीं, अशी आमची समजूत आहे.

७×५७ या काडतुसाचा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या सुमारें दोन-तृतीयांश. नऊ ग्रॅमची गोळी सेकंदास सव्वीसशें फुटांहून अधिक वेगानें जाते, आणि दोनशें यार्डांवरच्या हरणास तें पुरून उरतें. याचें दुसरें नांव आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या वाचनांत आलें असेल. लंडनच्या रिग्बी यांनीं हेंच काडतूस ‘२७५’ म्हणून विकलें, आणि चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ सालीं मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस जी रायफल बक्षीस मिळाली ती याच काडतुसाची, मौझर चौकटीवर बांधलेली. १९४४ सालीं निघालेलें त्यांचें कुमाऊंच्या नरभक्षकांचें पुस्तक आमच्या घरीं मोठ्यानें वाचीत. दिवा मालवल्यावर परसाकडे जाण्यास कोणी धजत नसे. म्हणजे योजना सरळ होती: मुलीचें नांव न काढतां व्याह्यांस सात मिलिमीटरकडे वळवावयाचें.

आणि येथें आम्हीं चूक केली. १९०९ च्या या चौकटींविषयीं जाणकारांत एक बोलवा आहे. यांचें पोलाद मूळचें मऊ, त्यावर कठीण थर चढविलेला; बाटी जशी वरून खरपूस आणि आंतून मऊ असते तशी. हें बुद्ध्याच करतात, कारण आरपार कठीण पोलाद तडकतें. परंतु कांहीं चौकटींत हा थर पातळ निघतो, आणि जोरदार काडतुसें वापरल्यास बोल्टाचे कान हळूहळू खाचेच्या भिंतींत रुततात. ‘कांहीं’ हा शब्द महत्त्वाचा. तो आम्हीं गाळला. पुढच्या रविवारीं भर मेजावर, सदतीस वर्षांच्या अनुभवाचा हवाला देऊन, आम्हीं सांगून टाकलें कीं ही चौकट मऊ आहे, थर्टी-ऑट-सिक्स हिला सोसणार नाहीं. तपासली होती काय? कानशीचा एक ओरखडा ओढून पाहिला होता, इतकेंच. आमच्या कारखान्यांत एखाद्या उमेदवारानें एवढ्यावर निकाल दिला असता तर आम्हीं त्यास दाराबाहेर उभा केला असता.

व्याह्यांनीं वाद घातला नाहीं. म्हणाले, तुम्ही म्हणतां तर तपासून घेऊं.

गांवांत बंदुका घडविणारा एक वृद्ध कारागीर होता. आम्ही तिघें गेलों. व्याही, मुलगी आणि आम्ही. त्यानें चौकट धुतली, कानांच्या बैठकीस निळा रंग लावून बोल्ट फिरविला, छोट्या आरशानें आंत पाहिलें. दोन्ही कान सारखे टेकत होते आणि रुतल्याची खूण नव्हती. मग कठिणपणा मोजण्याच्या यंत्राखालीं ठेवून तीन ठिकाणीं हिऱ्याचें टोंक दाबलें. आंकडे चांगले आले. आमच्या अपेक्षेहून चांगले. इतकेंच नव्हे, तर आम्हीं दिलेल्या निकालाच्या अगदीं उलट. मॅग्नमास त्यानें साफ नकार दिला. बोल्टाचें तोंड रुंद करा, पेटीचे ओठ कापा, एवढा उपद्व्याप जुन्या चौकटीवर आपण करणार नाहीं, म्हणाला. थर्टी-ऑट-सिक्सबद्दल मात्र त्याची एकच कुरकुर. मूळचें काडतूस आंखूड, हें पंचाऐंशी मिलिमीटर लांब. तें नीट चढावें म्हणून पुढचा उतार कोरावा लागेल, आणि तो उतार खालच्या कानाच्या बैठकीस लागूनच आहे. ७×५७ लांबीनें अठ्ठ्याहत्तर, त्यास कांहीं करावें लागणार नाहीं. पण जपून कोरलें तर भय नाहीं. असें काम त्यानें पुष्कळदां केलें होतें.

परततांना गाडींत कोणी बोललें नाहीं. व्याह्यांनीं आमच्या निकालाची आठवणसुद्धां काढली नाहीं, आणि तेंच अधिक लागलें. शेवटीं आम्हींच म्हटलें, “माझी चूक झाली. न तपासतां बोललों.” ते म्हणाले, “होतं असं.” पुन्हां शांतता. तेव्हां मागच्या बाजूनें आवाज आला. मुलगी इंग्रजींत बोलत होती, भराभर, वाचून दाखविल्यासारखी. “ग्रँपा, आजोबा माझ्यासाठीं बोलले. मला त्या बंदुकीची भीति वाटते. मी डोळे मिटते. त्यांनीं सांगायचं नाहीं असं मी त्यांना म्हटलं होतं.”

व्याह्यांनीं गाडीचा वेग बदलला नाहीं. घर आलें, त्यांनीं आम्हांस उतरविलें आणि निघून गेले.

नंतर ते तीन दिवस आले नाहींत. मुलगी जेवेना. पुतण्यानें आम्हांस बोल लावला नाहीं, पण पहिल्यासारखा आमच्याजवळ येऊन बसलाही नाहीं. सूनबाई वडिलांकडे जाऊन आल्या, तेव्हां खरी गोष्ट कळली. काडतुसाचें त्यांस कांहींच नव्हतें. ते एवढेंच म्हणाले होते कीं, बारा वर्षें जिला खांद्यावर घेऊन हिंडलों तिनें ही गोष्ट परक्या देशांतून आलेल्या पाहुण्यास सांगितली, आणि मला सांगण्याचा धीर तिला झाला नाहीं. यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आजही नाहीं. कदाचित् आम्ही परके होतों म्हणूनच तिनें सांगितलें असेल. ज्याच्या नजरेंतून उतरण्याचें भय नाहीं त्याला सांगणें सोपें जातें. परंतु हें त्यांस आम्हीं सांगणें म्हणजे जखमेवर मीठच.

चवथ्या दिवशीं सकाळीं ते आले ते एका शेजाऱ्याची रायफल घेऊन. ७×५७. कोणाशीं कांहीं न बोलतां त्यांनीं नातीस हांक मारली. आम्हांसही हातानेंच खूण केली. माळावर त्यांनीं निशाणाकडे पाहिलेंच नाहीं. ते मुलीच्या शेजारीं गवतावर आडवे झाले आणि तिच्या डोळ्यांकडे पाहात राहिले. ऐंशी वर्षांचा माणूस, कोपरांवर रेलून! पहिल्या बारास डोळे मिटले. दुसऱ्यास मिटले. मग मधेंच त्यांनीं तिच्या नकळत दारू नसलेलें खोटें काडतूस भरलें. चाप ओढला, बार झालाच नाहीं, आणि नळी मात्र खालीं झुकलेली तिनें स्वतःच पाहिली. ती हंसली. तेही हंसले. पांचव्या बारास डोळे उघडे होते. गोळी कोठें लागली हें पाहण्याचें कोणास सुचलें नाहीं.

त्या संध्याकाळीं कॉर्बेटची गोष्ट झाली. चौगडची वाघीण एकाएकीं समोर आली तेव्हां त्यांच्या डाव्या हातांत एका पक्ष्याचीं अंडीं होतीं, आणि याच काडतुसाची हलकी रायफल त्यांनीं एका हातानें हळूहळू फिरवून ती मारली. मुलीनें तीनदां विचारलें, अंडीं फुटलीं कां? फुटलीं नाहींत, त्यांनीं तीं परत नेऊन ठेवलीं. व्याह्यांनीं पुतण्याकडून पुस्तकाचें नांव लिहून घेतलें. मग त्यांनींच गंमत सांगितली, कीं थर्टी-ऑट-सिक्सचा जन्मही एका परीनें या काडतुसापासूनच. १८९८ सालीं क्यूबांत स्पॅनिश सैनिकांच्या सात मिलिमीटर मौझरांनीं अमेरिकनांस असें सतावलें कीं पुढें त्यांनीं तशीच रायफल घडविली आणि मौझरच्या कंपनीस तिचें मोल मोजून दिलें. वडिलांच्या काडतुसाचा मान असा सांभाळला गेला.

नळी मागविली ती बावीस इंची. त्या जर्मन चौकटीचे आटे इंग्रज व्हिटवर्थच्या पंचावन्न अंशांच्या मापाचे आहेत हें पाहून आम्हांस फार मौज वाटली. कारागिरानें आम्हांस ते स्वतःच्या कातयंत्रावर पाडून दाखविले. बाकीचें काम चाललें असतांच आमचे परतण्याचे दिवस आले. निघतांना व्याह्यांनीं आठवण म्हणून सरावाची एक रिकामी पुंगळी आमच्या हातावर ठेवली. विमानतळावर पितळाच्या त्या तुकड्याचें उत्तर कोणास काय द्यावें हें न समजून आम्हीं ती संकोचानें परत केली. तेव्हां त्यांनीं ती कागदावर आडवी ठेवून पेन्सिलीनें तिचा आकार काढला आणि घडी करून दिला.

त्या वर्षीं मुलगी हंगामांत रिकाम्या हातानें आजोबांबरोबर नुसती चालली. रायफल पुढच्या उन्हाळ्यांत पुरी झाली. गेल्या डिसेंबरांत त्यांचें टपालानें पत्र आलें. त्यांच्या हाताची चार ओळींची मजकुराची चिठ्ठी आणि निशाणाचा एक कागद, त्यावर तीन भोकें, एका रुपयाखालीं झांकतील इतकीं जवळ. नोव्हेंबरांत दोघें सात दिवस हिंडलीं. सहा दिवस तिनें बार केला नाहीं. अंतर फार होतें म्हणाली. सातव्या दिवशीं एक बार केला, दुसरा करावा लागला नाहीं. आमच्या मंडळींनीं तें वाक्य दोनदां वाचवून घेतलें आणि कांहीं न बोलतां पोळ्या लाटावयास गेल्या.

शेवटल्या ओळींत त्यांनीं लिहिलें होतें कीं दस्ता तिच्या मापानें आंखूड केला आहे. कापलेला अक्रोडाचा तुकडा त्यांनीं त्याच मेणकापडांत गुंडाळून त्याच खणांत ठेवला आहे, ती उंच झाली म्हणजे परत जोडण्यासाठीं.